घराच्या भिंतीला ओकच्या फळ्या: ब्रिटनमध्ये प्रथमच हे काम करणाऱ्यांसाठी

ब्रिटनमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना दोन-चार वर्षांत मागच्या बाजूला एखादी खोली वाढवावीशी वाटते किंवा बागेच्या कोपऱ्यात कामासाठी छोटी खोली बांधावीशी वाटते, आणि तिच्या बाहेरच्या भिंती कशाने मढवायच्या हा प्रश्न निघाला की कुणीतरी ओकचे नाव घेतोच. सल्ला चांगला आहे. मात्र सागवानाच्या सवयीने ओककडे पाहिले तर फसायला होते, कारण साग हा बराच शांत स्वभावाचा असतो, तर ओक भिंतीवर चढल्यानंतरही कित्येक महिने आकसत, पिळत आणि रंग सोडत राहतो. हा लेख एक किंवा दोन मजली घराच्या, अथवा बागेतल्या खोलीच्या, साध्या भिंतीपुरता मर्यादित आहे. मी स्वतः सुतार नाही. दोन भिंती स्वतःच्या हाताने केल्या, त्यांपैकी पहिली बिघडवली, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्या बिघाडातून शिकलेले आहे.

आवरण भिंतीपासून सुटे का असते

कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर माडाच्या झावळ्यांची झापे विणून ती पडवीला आणि पावसाच्या माऱ्याकडच्या भिंतीला बांधतात. झाप पावसाचा जोर मोडते, पण भिंतीला चिकटून बसत नाही. तिच्या मागून वारा खेळतो आणि आत शिरलेले थोडे पाणी खाली निथळून जाते. ओकच्या फळ्यांचे आवरण याच तत्त्वावर चालते. फळ्यांमधून एक थेंबही आत जाऊ नये अशी अपेक्षा त्यात नाही. पावसाचे बहुतेक पाणी फळ्या बाहेरच झटकतात, जे आत येते ते मागच्या पोकळीतून खाली जाते, आणि त्यामागे ताणलेला ब्रेदर मेम्ब्रेन नावाचा कागदासारखा पडदा भिंतीला भिजू देत नाही, पण भिंतीतली वाफ बाहेर सोडतो. म्हणून फळी थेट विटांवर किंवा प्लायवर ठोकणे ही पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक होय. तशी फळी मागून ओली आणि पुढून कोरडी राहते, वाटीसारखी वाकते, आणि मागच्या बाजूने कुजायला लागते तेव्हा पुढून काहीच दिसत नाही.

परवानगी आधी, लाकूड नंतर

इंग्लंडमध्ये घराच्या पुष्कळशा किरकोळ कामांना स्वतंत्र नियोजन परवानगी लागत नाही; परंतु घर कॉन्झर्वेशन एरियामध्ये, म्हणजे जुने रूप जपण्यासाठी घोषित केलेल्या परिसरात, असेल तर भिंतीला लाकडाचे आवरण देण्यासाठी ती लागते, आणि इमारत लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेली, असेल तर त्याखेरीज वेगळी संमती घ्यावी लागते. इतर ठिकाणी वाढीव बांधकामाचे बाह्यरूप मूळ घराशी मिळतेजुळते असावे अशी अट असते, त्यामुळे विटांच्या घराला ओकची खोली जोडताना स्थानिक काउन्सिलच्या नियोजन विभागाला आधीच विचारलेले बरे. नव्या वसाहतींतल्या घरांच्या खरेदीखतात बाह्यरूप बदलण्यावर बंधने असू शकतात. ते कागद एकदा काढून वाचावेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील नियम वेगळे आहेत, म्हणून इंग्लंडमधल्या मित्राचा अनुभव तिथे जसाच्या तसा लागू करू नये.

आगीच्या बाबतीत थोडे थांबून समजून घ्यावे. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसे मरण पावली. तिथले आवरण लाकडाचे नव्हते, ते पॉलिइथिलीनचा गाभा असलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे होते. पण त्यानंतर बाह्यभिंतींविषयीचा सगळाच विचार बदलला, आणि डिसेंबर २०१८ पासून इंग्लंडमध्ये १८ मीटर व त्याहून उंच निवासी इमारतींच्या बाह्यभिंतींत ज्वलनशील साहित्य वापरण्यावर बंदी आली. आपल्या दुमजली घराला ती बंदी लागू नाही. लागू होतो तो साधा, पण हमखास विसरला जाणारा नियम: भिंत शेजाऱ्याच्या हद्दीपासून १ मीटरच्या आत असेल तर तिच्या बाह्यपृष्ठाला आगीच्या बाबतीत वरची श्रेणी लागते. युरोपीय वर्गीकरणात उघडा ओक साधारणपणे ‘डी’ श्रेणीत येतो, आणि त्या एक मीटरच्या पट्ट्यात ‘बी’ श्रेणी मागितली जाते. ओक इतका घट्ट असतो की अग्निरोधक रसायन त्याच्यात खोल मुरवणे अवघड जाते. त्यामुळे हद्दीला लागून असलेली बाजू विटांची किंवा सिमेंट-फायबरच्या फळ्यांची ठेवून दर्शनी बाजूंनाच ओक लावणे हा व्यवहारी तोडगा ठरतो. जुन्या भिंतीच्या निम्म्याहून अधिक पृष्ठभागाचे काम काढले तर उष्णतारोधन सुधारण्याची अटही येऊ शकते, म्हणून बिल्डिंग कंट्रोलकडे, म्हणजे बांधकामाचे नियम पाळले जातात का ते तपासणाऱ्यांकडे, चौकशी लाकडाची ऑर्डर देण्याआधी करावी.

कोणता ओक घ्यावा

‘ओक’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. युरोपीय ओक हा आपल्या कामाचा. ब्रिटनमध्ये मिळणारा बराचसा ओक फ्रान्समधून येतो आणि काही देशातलाच असतो. याचे मध्यकाष्ठ, म्हणजे खोडाच्या आतला गडद भाग, टिकाऊ म्हणून गणले जाते आणि कोणतेही रसायन न लावता उघड्यावर टिकते. अमेरिकन व्हाइट ओकही बाहेर चालतो. अमेरिकन रेड ओक मात्र बाहेर कधीही वापरू नये. दिसायला तो तितकाच देखणा आणि पुष्कळदा स्वस्त असतो, पण व्हाइट ओकच्या जलवाहिन्या नैसर्गिकरीत्या बुजलेल्या असतात, तर रेड ओकच्या उघड्याच राहतात, आणि त्यांतून पाणी नळीतून जावे तसे आत शिरते. दुकानात फक्त ‘अमेरिकन ओक’ असे सांगितले तर कोणता, हे लेखी विचारून घ्यावे.

प्रजातीइतकेच महत्त्व रसकाष्ठाला आहे. सालीलगतचा हा फिकट पट्टा कोणत्याही ओकमध्ये टिकाऊ नसतो. एखाद्या फळीच्या कडेला तो बोटभर असला तर काही वर्षांनी तेवढा भाग मऊ पडतो. फळ्या स्वीकारताना प्रत्येक फळीची कड उजेडात धरून पाहावी. गडद तपकिरी भागाला लागून पिवळसर पांढरी पट्टी दिसली की ती फळी बाजूला काढावी, किंवा तिचा तो भाग कापून टाकावा. गाठींना घाबरण्याचे कारण नाही. घट्ट बसलेली गाठ म्हणजे दोष नव्हे. सुटी, हलणारी गाठ तेवढी टाळावी.

यापुढचा निर्णय ओल्या आणि मुरलेल्या लाकडातला आहे. नुकताच चिरलेला ओला ओक, ज्याला इथे ग्रीन ओक म्हणतात, तो स्वस्त असतो, कापायला मऊ असतो, आणि भिंतीवरच वाळतो. हवेवर वाळवायचे तर जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक वर्ष लागते, म्हणून मुरलेला ओक महाग. भट्टीत १०-१२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेला ओक फर्निचरसाठी उत्तम, परंतु बाहेरच्या भिंतीला तो आपोआप अधिक चांगला ठरत नाही. ब्रिटनच्या दमट हवेत बाहेरचे लाकूड १६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, त्यामुळे अतिकोरडी फळी ओलावा शोषून फुगते, आणि शेजारच्या फळीला घट्ट भिडवून बसवली असेल तर दोघी मिळून भिंतीबाहेर पोट काढतात. एकमेकींवर चढणाऱ्या फळ्यांसाठी ओला ओक घ्यावा. खाच आणि जीभ असलेल्या, अडकवून बसवायच्या फळ्यांसाठी मुरलेलाच घ्यावा, आणि तोही प्रत्येक सांध्यात दोनेक मिलीमीटर मोकळीक ठेवून.

पुण्यातल्या बंगल्यालाही असेच करावे का, असे एका नातेवाइकांनी मला विचारले होते. माझे उत्तर सरळ नाही असे आहे. ओक सह्याद्रीतला वृक्ष नाही, त्याला इतक्या दूर नेण्याचा खर्च मोठा, वाळवीची भीती वेगळी, आणि आपल्याकडे चार महिने सलग भिजून आठ महिने तापणाऱ्या भिंतीसाठी चांगला जुना साग त्याहून केव्हाही सरस.

फळीचा आकार आणि हिशेब

नवख्याने फेदर-एज फळ्यांपासून सुरुवात करावी. ही फळी एका कडेला साधारण २२ मिमी जाड असते आणि दुसऱ्या कडेला ८ मिमीपर्यंत निमुळती होत जाते; जाड कड खाली ठेवून ती खालच्या फळीच्या पातळ कडेवर चढवतात, अगदी कौलावर कौल चढवावे तशी. केंट, ससेक्स आणि एसेक्समधली जुनी कोठारे व घरे या पद्धतीच्या आडव्या फळ्यांनी मढवलेली दिसतात. झाडाची नैसर्गिक वाकडी कड तशीच ठेवलेल्या वेनी-एज फळ्या बागेतल्या खोलीला शोभतात, पण त्यांच्या कडेलाच रसकाष्ठ असते हे लक्षात ठेवून त्या घ्याव्यात. उभ्या फळ्यांची रचना सुबक दिसते. तिला आडव्या रिपा, म्हणजे फळ्या ज्यांवर बसवतात त्या लाकडी पट्ट्या, आणि त्यामागे पुन्हा उभ्या रिपा लागतात, नाहीतर आडव्या रिपेवर पाणी अडून राहते. पहिल्या कामाला ती घेऊ नये.

ओला ओक किती आकसतो याचा आकडा डोक्यात पक्का बसवावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. ओल्या अवस्थेपासून १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळताना युरोपीय ओक वलयांच्या दिशेने सुमारे साडेसात टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे चार टक्के आकसतो. बाहेर तो तितका कोरडा होत नाही, तरीही १७५ मिमी रुंदीची फळी दहा-बारा मिलीमीटर अरुंद होऊ शकते असे धरून चालावे. लांबीत मात्र जवळजवळ फरक पडत नाही. म्हणून ओल्या फळ्यांचा ओव्हरलॅप, म्हणजे एक फळी दुसरीवर जितकी चढते तो भाग, किमान ३५ ते ४० मिमी ठेवावा. मुरलेल्या फळीचे २५ मिमी पाहून तोच आकडा ओल्या फळीला लावला, तर दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ओव्हरलॅप जेमतेम बोटभर उरतो.

उदाहरणादाखल ६ मीटर लांब आणि २.७ मीटर उंच भिंत घेऊ. १७५ मिमीची फळी ४० मिमी ओव्हरलॅपने लावली तर प्रत्येक ओळ १३५ मिमी उंची झाकते. सर्वांत खालची फळी पूर्ण १७५ मिमी धरली, तर उरलेल्या २५२५ मिमीसाठी १८.७ ओळी येतात, म्हणजे १९ लावाव्या लागतात. वर शेवटी पाऊण फळी येऊन ती लांबीत चिरत बसण्यापेक्षा २५२५ ला १९ ने भागावे: प्रत्येक ओळ १३३ मिमीवर आली, ओव्हरलॅप आपोआप ४२ मिमी झाला, आणि एकूण २० पूर्ण ओळी बसल्या. वीस ओळी गुणिले ६ मीटर म्हणजे १२० मीटर फळी. खिडकी-दारांची वजावट करू नये. ती कापाकापीत भरून निघते, शिवाय वाया जाणाऱ्या मालासाठी १० ते १५ टक्के जास्तीचे धरावेत. वजनाचाही अंदाज घ्यावा. ओला ओक घनमीटरला सुमारे एक टन भरतो, त्यामुळे एवढ्या भिंतीवर साधारण सव्वातीनशे किलो लाकूड टांगले जाणार आहे. पातळ, जुनाट रिपांच्या भरवशावर ते सोडू नये.

फळ्या आल्यानंतर

ओल्या फळ्या महिनाभर गॅरेजमध्ये ठेवून ‘मुरू द्याव्यात’ हा विचार मोहक असला तरी चुकीचा आहे. सुट्या पातळ फळ्या मोकळ्या राहिल्या की पिळतात, आणि एकदा पीळ पडलेली ओकची फळी कितीही जोर लावला तरी सरळ होत नाही. माल आल्यापासून शक्य तितक्या लवकर त्या भिंतीवर जाव्यात. तोवर त्या जमिनीपासून उंच, सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्यात आणि वर वजन ठेवावे. त्यावर प्लास्टिक गुंडाळू नये. आत वाफ कोंडून बुरशी धरते. आणि रचलेल्या थप्पीजवळ कुणालाही ग्राइंडरने लोखंड कापू देऊ नये. याचे कारण पुढे येते.

बाळगुटीतले मायफळ आणि भिंतीवरचे काळे ओघळ

ओकशी मराठी घराची ओळख तशी जुनी आहे. बाळगुटीत सहाणेवर उगाळले जाणारे मायफळ हे फळ नसून ओकच्या एका जातीवर कीटकामुळे येणारी गाठ असते, आणि तिचा तुरटपणा ज्या टॅनिनमुळे येतो तेच टॅनिन ओकच्या लाकडातही भरपूर असते. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) एकत्र करून काळा रंग व शाई करीत. युरोपात हेच काम ओकच्या गाठी आणि हिराकस यांनी होई. टॅनिनला लोह आणि पाणी मिळाले की निळसर काळी शाई तयार होते. आता ओली ओकची फळी, लोखंडी खिळा आणि इंग्लंडचा पाऊस एकत्र आले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

मी ते पाहिले आहे. पहिल्या भिंतीच्या वेळी कुंपणाच्या कामातून उरलेले जस्ताचा मुलामा दिलेले खिळे घरात पडून होते आणि मुलामा आहे तर गंजणार नाहीत, असा माझा हिशेब होता. ओकमध्ये टॅनिनबरोबर ॲसेटिक आम्लही असते, ते जस्त खाते आणि मग लोखंडापर्यंत पोहोचते. तीन महिन्यांत प्रत्येक खिळ्याखाली काजळ वाहिल्यासारखा ओघळ आला. त्यात भर म्हणून फरशीवाल्याने भिंतीपासून चार पावलांवर लोखंडी कांब कापली; उडालेल्या ठिणग्यांचे बारीक कण ओल्या फळ्यांवर बसले आणि दुसऱ्या पावसानंतर भिंतीवर शाई शिंपडल्यासारखे ठिपके उमटले. असे डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने निघतात, पण ते विषारी असते, हातमोजे आणि चष्मा घालून वापरावे लागते, आणि खिळा तसाच राहिला तर डाग पुन्हा येतात. मला सगळे खिळे काढावे लागले.

तेव्हा नियम असा की ओकला स्टेनलेस स्टीलखेरीज काहीही लावायचे नाही. आतल्या प्रदेशात ए२ प्रतीचे स्क्रू चालतात, समुद्रकिनाऱ्याजवळ ए४ घ्यावेत. ड्रिलचे बिट किंवा हातोडी यांचे लोखंडी कणही मागे राहतात, म्हणून दिवसाचे काम संपल्यावर मऊ ब्रशने फळ्या झटकाव्यात. खिडकीवरची पाणपट्टी, म्हणजे पाणी बाहेर वळवणारा पत्रा, हीही तपासावी. ब्रिटनमध्ये अशा ठिकाणी शिशाचा पत्रा वापरण्याची जुनी चाल आहे, पण ओकवरून ठिबकणारे आम्लयुक्त पाणी शिसे खाते. रंगाचा थर दिलेले ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील तिथे घ्यावे.

लोह नसले तरी टॅनिनचे तपकिरी पाणी पहिले वर्ष-दीड वर्ष खाली उतरतच राहते. भिंतीखाली फिकट दगडाची फरशी किंवा पांढरा गिलावा असेल तर त्यावर चहा सांडल्यासारखे डाग पडतात. अंगणाची फरशी दुसऱ्या वर्षी घालावी, किंवा भिंतीच्या पायथ्याशी फूटभर रुंदीचा खडीचा पट्टा ठेवावा, म्हणजे ओघळ त्यात जिरतात आणि पाणी उडून फळ्यांवर येणेही कमी होते.

रिपा बसवणे

भिंतीवर ब्रेदर मेम्ब्रेन खालून वर लावत जावे, वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढलेली असावी. त्यावर प्रक्रिया केलेल्या पाइनच्या ३८ गुणिले ५० मिमीच्या उभ्या रिपा ४०० ते ६०० मिमी अंतरावर बसवाव्यात. आत लाकडी सांगाडा असेल तर रिपा त्याच्या खांबांवरच याव्यात, नुसत्या प्लायवर नव्हेत. जिथे दोन फळ्यांची टोके भेटणार तिथे एका रिपेशेजारी दुसरी रीप लावावी, म्हणजे प्रत्येक टोकाला स्वतःची बैठक मिळते. ओळंबा आणि लांब सरळ पट्टी घेऊन सगळ्या रिपा एका प्रतलात आहेत का ते पाहावे. रिपांत ५ मिमीचा फरक असला तर तो फळ्यांच्या वीस ओळींवर सावलीच्या रेषांनी उमटतो, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात शेजाऱ्यालाही दिसतो.

रिपांमधली ही ३८ मिमीची पोकळी खाली आणि वर उघडी राहिली पाहिजे. दोन्ही तोंडांना बारीक स्टेनलेस जाळी लावावी, नाहीतर गांधीलमाश्या आणि उंदीर घर करतात. काही ठिकाणी आग पोकळीतून वर पसरू नये म्हणून अडथळे घालावे लागतात. आगीत फुगून पोकळी बंद करणारे, एरवी हवा जाऊ देणारे अडथळे त्यासाठी मिळतात, आणि ते कुठे हवेत हे बिल्डिंग कंट्रोलकडूनच ठरवून घ्यावे.

सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान १५० मिमी वर राहावी. हा आकडा जाचक वाटतो, कारण भिंत ‘तोकडी’ दिसते, आणि पुष्कळ जण मग माती किंवा डेक (फळ्यांचा ओटा) वर चढवून तो पट्टा झाकून टाकतात. एसेक्समधल्या ग्रीनस्टेड येथील छोट्या चर्चची भिंत अकराव्या शतकातल्या उभ्या ओकच्या अर्ध्या ओंडक्यांची आहे. ते ओंडके आजही उभे आहेत, पण त्यांची जमिनीलगतची टोके कुजली होती, आणि एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारात ती कापून ओंडके विटांच्या जोत्यावर उभे करावे लागले. ओकला पावसाचे भय नसते, त्याला न वाळणारी ओल मारते.

फळ्या चढवणे

सर्वांत खाली फळीच्या पातळ कडेच्या जाडीची एक पट्टी रिपांवर लावावी, म्हणजे पहिली फळीही पुढच्या फळ्यांसारखीच तिरकी बसते. पहिली ओळ पाणसळीने अचूक धरावी. बाकीच्या ओळी तिच्यावर अवलंबून आहेत. आधी काढलेल्या १३३ मिमीच्या मापाचा लाकडी ठोकळा कापून घ्यावा आणि प्रत्येक ओळ त्यावर टेकवून लावावी. दर चार-पाच ओळींनी पुन्हा पाणसळ ठेवून पाहावी, कारण ओल्या फळ्यांची रुंदी दोन-तीन मिलीमीटर कमीजास्त असतेच.

स्क्रू कुठे मारायचा, यावर सगळे काम टिकते किंवा बिघडते. प्रत्येक फळीला प्रत्येक रिपेवर एकच स्क्रू असावा, आणि तो खालच्या फळीच्या वरच्या कडेच्या किंचित वरून जावा. ४२ मिमी ओव्हरलॅप असेल तर फळीच्या खालच्या कडेपासून साधारण ५० मिमीवर. तो खालच्या फळीतून जाता कामा नये. दोन फळ्या एकाच स्क्रूने जखडल्या, किंवा एका फळीला वर-खाली दोन स्क्रू मारले, तर फळी आकसताना तिला सरकायला जागा उरत नाही आणि ती मधोमध लांबीत चिरते. पुष्कळ जणांना एक स्क्रू अपुरा वाटतो. वरच्या फळीचा दाब खालच्या फळीची पातळ कड जागेवर धरून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्याची गरजच पडत नाही. आधी स्क्रूपेक्षा दोनेक मिलीमीटर मोठे भोक पाडून घ्यावे. ५० मिमीचा स्क्रू पुरतो: सुमारे २० मिमी फळीत, ३० मिमी रिपेत, आणि मागच्या मेम्ब्रेनला भोक पडत नाही. डोके फळीला टेकले की थांबावे. आत घुसवलेल्या डोक्याभोवती पाणी साचते.

टोकापासून भोक किमान ५० मिमी आत असावे, अन्यथा फळी तिथून चिरते. दोन फळ्यांच्या टोकांमध्ये ५-६ मिमीची फट सोडावी आणि कापलेल्या टोकांना मेणाचा लेप लावावा, कारण लाकूड टोकातून सर्वांत वेगाने पाणी पिते आणि सोडते. सांधे एकाखाली एक न येता ओळीगणिक सरकलेले असावेत. कोपऱ्यांवर ओकचीच उभी पट्टी आधी बसवून फळ्या तिच्यापर्यंत आणाव्यात. फळ्यांची टोके ४५ अंशांत कापून कोपरा जुळवण्याची हौस ओल्या लाकडात करू नये, महिन्याभरात तो सांधा उघडतो. खिडकीखाली फळी आणि पाणपट्टी यांच्यात ८-१० मिमी जागा ठेवावी, सिलिकॉनने ती भरू नये.

ओकच्या बारीक भुशाबाबत एक कडक सूचना. कठीण लाकडाची धूळ नाकाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते हे सिद्ध झालेले आहे. ओल्या फळ्या कापताना धूळ कमी उडते, कोरड्या फळ्या कापताना खूप. दोन्ही वेळी एफएफपी३ प्रतीचा मास्क लावावा आणि कापण्याचे काम उघड्यावर करावे. मास्क सोडून तोंडाला रुमाल बांधणे हे संरक्षण नव्हे.

नंतरची दोन वर्षे

काम झाल्यावर भिंत मधाच्या रंगाची, सुंदर दिसते, आणि पुष्कळांना ती तशीच राहावी असे वाटते. ती राहत नाही. उन्हातले अतिनील किरण पृष्ठभागावरचे लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे द्रव्य, तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि वर्ष-दोन वर्षांत चंदेरी राखाडी थर उरतो. हा बदल सारखा होत नाही, हे आधीच मान्य करावे: उन्हापावसाची बाजू लवकर पांढुरकी होते, छपराच्या वळचणीखालचा पट्टा वर्षानुवर्षे तपकिरी राहतो. मला तो फरक आवडतो. ज्यांना आवडत नाही त्यांनी वळचण आखूड ठेवावी किंवा ओक घेऊच नये. व्हार्निशचा जाड थर चढवणे ही तर पैसे देऊन ओढवून घेतलेली डोकेदुखी आहे, कारण लाकूड खाली हलत राहते, थराला भेगा पडतात, आत पाणी शिरते आणि पापुद्रे सुटतात. जवसाचे साधे तेलही टाळावे. त्यावर काळी बुरशी धरते. रंग टिकवायचाच असेल तर बाहेरच्या लाकडासाठीचे, अतिनील किरण अडवणारे रंगद्रव्ययुक्त तेल लाकूड वाळल्यानंतर लावावे आणि दर एक-दोन वर्षांनी पुन्हा लावण्याची तयारी ठेवावी.

पहिल्या उन्हाळ्यात फळ्यांना बारीक चिरा पडतील, रात्री तडतड आवाज येईल, एखादी फळी कोपऱ्यात किंचित उचलली जाईल. यातले काहीही दुरुस्त करायला धावू नये. चिरा पृष्ठभागापुरत्या असतात. आरपार गेलेली आणि स्क्रूपाशी सुरू झालेली चीर तेवढी पाहावी, कारण तिथे बहुधा स्क्रू चुकीच्या जागी बसलेला असतो. गांधीलमाश्या राखाडी झालेला पृष्ठभाग खरवडून पोळ्यासाठी नेतात आणि भिंतीवर फिकट रेघा दिसतात. त्याने काही बिघडत नाही. वर्षातून एकदा पोकळीची तोंडे मोकळी आहेत का, वेली फळ्यांवर चढल्या आहेत का आणि पन्हाळ गळते आहे का, एवढे बघावे. हिरवट शेवाळ आले तर मऊ ब्रश आणि पाणी पुरते. प्रेशर वॉशर वापरू नये, तो तंतू उपटतो आणि पाणी थेट मेम्ब्रेनवर मारतो.

उरलेल्या फळ्यांपैकी चांगल्या चार-पाच बागेतच, त्याच दिशेला तोंड करून, जमिनीपासून उचलून ठेवाव्यात. पाच वर्षांनी एखाद्या फळीवर शिडी आदळली आणि ती बदलावी लागली, तर गॅरेजमधली मधाळ रंगाची नवी फळी राखाडी भिंतीवर ठिगळासारखी दिसते, आणि शिवाय तिला अजून आकसायचे असते. उन्हापावसात राहिलेली फळी कापून बसवली की आठवड्याभरात कुठली बदलली ते आपल्यालाही शोधावे लागते.